ओहोटीचं परीक्षण

कार्डिफच्या मराठी मंडळात डॉ. गिरीश टिपणीस यांच्या सुरीला कधी कोणी घाबरलं नाही. घाबरत ते त्यांच्या पेनाला. कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा वॉर्डातल्या नर्सेसनी डोळे पुसले होते. मंडळाच्या दिवाळी अंकातून मात्र ते कधी निवृत्त होतात याची हौशी नटमंडळी डोळ्यांत तेल घालून वाट बघत होती. आदल्या वर्षी गणपतीतल्या नाटकाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'नायकाचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत होता. चौथ्या रांगेतले नशीबवान.' नायक होता विनय चौबळ, त्यांचा जुना मित्र. त्यानंतर महिनाभर विनयने टिपणिसांकडे फोन केला तो फक्त सुहासिनीवहिनींशी बोलायला.

२००७च्या सप्टेंबरात अंकाच्या संपादक मनीषाबाईंचा फोन आला. अंकात तरुण मुलांचं काहीच नाही अशी ओरड होती. विनय आणि आशाच्या शाल्मलीने एक कॉम्प्युटर गेम बनवलाय, त्याचं परीक्षण लिहाल का, असं त्यांनी विचारलं.

"मी आयुष्यात पत्त्यांशिवाय काही खेळलेलो नाही," गिरीशराव म्हणाले.

"तुम्ही आयुष्यात नाटकातही काम केलेलं नाही," मनीषाबाई म्हणाल्या. "तरी लिहिताच की."

गिरीशरावांनी होकार दिला, आणि चौबळांच्या घरी आशाने कपाळाला हात लावला.

शाल्मली दिवसा कौन्सिलच्या आयटी विभागात काम करायची आणि शनिवार-रविवार गेम. सगळा गेम तिने एकटीने केला होता: चित्रं, आवाज, सगळं. वेबसाइटवर तो फुकट ठेवला होता, आणि कुठल्याशा दुसऱ्या वेबसाइटवर एका अनोळखी माणसाने त्याबद्दल दोन बऱ्या ओळी लिहिल्या होत्या. याहून जास्त कीर्ती त्याच्या वाट्याला आली नव्हती. गेमचं नाव 'ओहोटी'. तेवढा एक मराठी शब्द तिने व्याकरणाची चूक न करता वापरला होता.

शनिवारी सकाळी ती सीडी घेऊन टिपणिसांच्या समुद्राकाठच्या पेनार्थमधल्या घरी आली.

"काका, हे प्लॅटफॉर्म गेम आहे. म्हणजे बेसिकली उड्या मारायच्या. एका दगडीवरून दुसऱ्या दगडीवर."

"दगडावरून. दगडावर."

"तेच. ॲरोनी चालायचं, स्पेसबारनी उडी. पलीकडच्या किनाऱ्याला जायचं."

"आणि तिकडे काय आहे?"

"ते मी सांगितलं तर मग रिव्ह्यू कशाला?"

हे गिरीशरावांना मनापासून पटलं. आपण कसलीही मदत घेणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. सुहासिनीबाई चहा घेऊन आल्या, पडद्याकडे क्षणभर बघत राहिल्या, मग शाल्मलीकडे बघितलं. शाल्मलीने बिस्किट उचललं आणि खिडकीबाहेर नजर लावली. गिरीशरावांचं लक्ष स्पेसबारकडे होतं.

गेम असा होता. पिवळ्या कोटातली एक बुटकी बाई, हातात कापडी पिशवी. समोर चिखलाचा, खडकांचा किनारा; कुठे लाकडी खांब, कुठे उलटी पडलेली होडी. पाणी आपलं चढत होतं, उतरत होतं. या सगळ्यावरून उड्या मारत बाईला पार न्यायचं. ती पाण्यात पडली तर मरत नसे. वर यायची, कोटाचं टोक पिळायची, आणि पडद्यातून थेट खेळणाऱ्याकडे बघायची.

"ही माझ्याकडे बघते," गिरीशराव म्हणाले.

"कशी बघते?" सुहासिनीबाईंनी पेपरातून मान वर न काढता विचारलं.

"मी मूर्ख असल्यासारखी."

"तुम्ही तिला कितव्यांदा बुडवलंत?"

"ते गौण आहे."

पुढचे काही दिवस दुपारच्या जेवणानंतर त्यांचा हाच उद्योग चालला. पहिला खडक सर झाला, होडी सर झाली, पण मोडक्या धक्क्यापाशी गाडी अडली. उडी तोकडी पडायची. त्यांनी धावत येऊन उडी मारली, मागे जाऊन मारली, उभे राहून स्पेसबारवर मूठ आपटली. बाई बुडायची, वर यायची, बघायची. ज्या हातांनी लहान मुलांच्या कानात पापण्यांच्या केसाएवढे टाके घातले, त्या हातांना एक बटण वेळेवर दाबता येऊ नये, हे त्यांना लागलं.

"अर्धवटच लिहा," सुहासिनीबाई म्हणाल्या. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

गुरुवारी ते असेच मूठ उगारून बसले होते, तेवढ्यात दाराची बेल वाजली. शेजाऱ्यांचं पार्सल होतं. सही करून, पोस्टमनच्या सर्दीबद्दल दोन शब्द बोलून ते परत आले, तर पाणी पार उतरलेलं, आणि धक्क्याखाली इतके दिवस बुडालेल्या पायऱ्यांची रांग उघडी पडलेली. बाई पिशवी या हातातून त्या हातात घेऊन निवांत उभी होती.

"म्हणजे काहीच न करणं, ही युक्ती?"

"तुम्हाला जड जाणारच," सुहासिनीबाई म्हणाल्या.

त्या दिवशीच त्यांनी गेम पुरा केला. पलीकडच्या किनाऱ्यावर एक बाक होता. बाई बाकावर बसली, पिशवीतून थर्मास काढला, दोन कप भरले, एक उचलला. संपलं. गिरीशरावांना मोठा विजय मिळवल्यासारखं वाटलं, आणि त्या भरात ते लगेच लिहायला बसले.

परीक्षण झकास उतरलं. रिवाजाप्रमाणे त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं. समुद्राची तारीफ होती. घाई करणाऱ्याला घरी बसवणाऱ्या रचनेचीही होती. पण मग त्यांच्या पेनाने फणा काढला होता: 'मात्र नायिका पटत नाही. चार पावलं टाकली नाहीत तोच ती थांबते, पिशवीचा हात बदलते, कॉलर सारखी करते आणि पाण्याकडे अशी बघते, जणू त्याने हिला विचारून उतरायचं आहे. असं कोणी चालत नाही. शेवटचा दुसरा कप कोणाचा, हेही कळत नाही. लेखिकेने एखाद्या खऱ्या बाईचं निरीक्षण केलं असतं तर बरं झालं असतं.'

सुहासिनीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "काही बदलायचं नाही?"

"काय बदलायचं?"

"काही नाही. छान आहे. 'निरीक्षण' शब्द तेवढा ठळक करायला सांगा."

गिरीशरावांचं अक्षर केमिस्टलासुद्धा लागत नसे, म्हणून दरवर्षी सुहासिनीबाईच लेख सुवाच्य अक्षरात उतरवून देत. याही वेळी त्यांनी तो काना-मात्रेचा फरक न करता उतरवला आणि स्वतः मनीषाबाईंना नेऊन दिला.

कोजागिरीला मंडळाने चर्चचा हॉल घेतला होता. आकाश ढगाळ, चंद्राचा पत्ता नाही, पण मसाला दूध जोरदार होतं. शाल्मलीने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि समोरच्या भिंतीवर पिवळ्या कोटातली बाई चालू लागली. चार पावलं गेली, थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. बाईने कॉलर सारखी केली. हसू रांगेरांगेने पसरत गेलं.

"कोट तेवढा पिवळा केलाय हं हिने," आशा म्हणाली, आणि बायकांना दुधाचे पेले खाली ठेवावे लागले.

लोकांना एवढं काय हसू येतंय, हे विचारायला गिरीशराव वळले. सुहासिनीबाई दाराजवळ उभ्या होत्या. त्यांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली, कोटाच्या कॉलरवरून बोटं फिरवली, आणि भिंतीवरच्या समुद्राकडे, आता उतर बघू, अशा नजरेने पाहिलं.

गिरीशरावांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. असे कान त्यांनी पेशंटचे पाहिले असते तर अँटिबायोटिक लिहून दिलं असतं.

विनय दुधाचा पेला घेऊन शेजारी येऊन बसला. वर्षभर तो या क्षणासाठी जगला होता. "गिरीश," तो प्रेमाने म्हणाला, "पस्तीस वर्षं पहिल्या रांगेत बसलास, आणि नाटक दिसलं नाही होय रे तुला?"

खेळ संपल्यावर त्यांनी शाल्मलीला गाठलं. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात हेल्प नको." मग ती म्हणाली, "लहानपणी आईची शिफ्ट असायचा ना, तेव्हा काकू मला शाळेतून घ्यायच्या. आम्ही समुद्राकडे चालत जायचो. मला सारखी घाई, आणि काकू म्हणायच्या, थांब, पाणी उतरू दे, मग खाली जाऊ. उतरायचंच ते. एव्हरी टाइम."

"आणि तो दुसरा कप?"

"माझी. म्हणजे माझा. हॉट चॉकलेटचं."

गिरीशरावांनी तिचं व्याकरण सुधारलं नाही. तेव्हा दुपारी ते ऑपरेशन थिएटरात असत. शाळेनंतर मुलगी आपल्या घरी येते एवढं त्यांना ठाऊक होतं. ती कुठे जाते, काय पिते, हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

ते तडक मनीषाबाईंकडे गेले आणि लेख परत मागितला. मनीषाबाई काही बोलायच्या आत मागून सुहासिनीबाई म्हणाल्या, "लेख परत मिळणार नाही."

"अगं, पण तो चुकीचा आहे."

"विनयभावजींच्या आवाजाचं कधी परत घेतलंत? मग हेही छापून येऊ दे. फार तर खाली दोन ओळी लिहा."

दिवाळी अंकात परीक्षण जसंच्या तसं आलं. 'निरीक्षण' ठळक होतं. खाली बारीक टाइपात होतं: 'नायिकेबद्दलचं वरील मत मी रद्द करतो. तिची चाल हुबेहूब असल्याची खात्री सध्या रोज करून घेत आहे. निरीक्षणात कसूर झाली ती परीक्षकाची. गेम सर्वांनी खेळावा. घाई असेल तर अवश्य खेळावा. – गि. टि.'

त्या अंकातल्या कविता कोणी वाचल्या की नाही कोण जाणे, पण या चार ओळी सगळ्यांनी वाचल्या. विनयने ते पान फ्रेम करायचं म्हटलं. आशाने करू दिलं नाही. 'असं कोणी चालत नाही' हे वाक्य शाल्मलीने इंग्रजीत करून आपल्या वेबसाइटवर सगळ्यात वर लावलं, खाली 'डॉ. टिपणीस, निवृत्त सर्जन' असं लिहून. एवढं निक्षून कोण सांगतंय या कुतूहलाने बऱ्याच लोकांनी गेम उतरवून घेतला, आणि त्यांतल्या काहींनी तिला लिहिलं, की आमची आजी अशीच चालते.

गिरीशराव त्या दिवाळीपासून सुहासिनीबाईंबरोबर समुद्रावर फिरायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी ते इतकं वळून वळून बघत होते की सुहासिनीबाईंना म्हणावं लागलं, "अहो, पुढे बघून चाला, पडाल." हळूहळू त्यांना सवय झाली. त्यांचं चालणं काही वाईट नाही, असं सुहासिनीबाई आशाला फोनवर म्हणाल्या. फक्त ते सबंध वेळ बोलतात. म्हणून त्या त्यांना आठवड्यातून दोनदाच नेतात.