बिडाच्या हंडीतली गोधडी

"गोधडी पांघरायची असते बाई, वाचायची नसते," डोरीन म्हणाली, आणि चर्चच्या हॉलमधल्या सगळ्या बायका खुदखुदल्या. गुरुवारच्या त्या गोधडी-मंडळात डोरीनचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. टाका तांदळाएवढा हवा, कोपरा कोपऱ्याला मिळायला हवा. ग्लेनिसचे कोपरे जन्मात कधी मिळाले नव्हते.

ग्लेनिसने आपली छापील चिंधी घडी करून पिशवीत कोंबली. "हसा, हसा. मला तुमच्या स्पर्धेतल्या बक्षिसाची पडलेली नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. तिला पडली होती ती थोरल्या बहिणीची, कोरलची.

कोरलच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. माणूस ओळखायचा तरी कोंबडीसारखी मान तिरकी करून बघायची. आणि ही कोण? तर गावच्या साप्ताहिकात चाळीस वर्षं छपाईचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवणारी बाई! उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायची, आणि मालकाने लिहिलेल्या मजकुरातल्या चुका त्याच्याच तोंडावर फेकायची. साप्ताहिक बंद पडलं तेव्हा जाहिरातींचे तळहाताएवढे लाकडी खिळे मालकाने तिलाच देऊन टाकले. ते आता मागच्या शेडमध्ये खणाखणांच्या पेट्यांत पडून होते. डॉक्टरांनी भिंग दिलं, दिवा दिला, सगळं झालं. शेवटी कोरलने भिंग ड्रॉवरमध्ये टाकलं आणि रेडिओवर क्रिकेट ऐकत बसली. तिला क्रिकेट मुळीच आवडत नसे.

तेच ग्लेनिसला बघवत नव्हतं. नवरे गेल्यावर दोघी बहिणी मरे नावाच्या नदीकाठच्या या घरात एकत्र राहायला आल्या, तेव्हापासून न्याहारीला कोरल मोठ्याने पेपर वाचायची आणि ग्लेनिस टोस्ट जाळायची. आता नुसताच टोस्ट जळायचा. म्हणून ग्लेनिसने मनाशी घेतलं होतं की अशी एक गोधडी करायची, जी कोरलला वाचता येईल. कोरलच्याच खिळ्यांनी छापायची, आणि त्यावर कोरलचीच रोजची वाक्यं. "पाय पुसून आत ये." "चहा निवतोय." आणि आई गेली त्या दिवशी, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून हंबरडा फोडणाऱ्या धाकट्या बहिणीपुढे ताटली सरकवत कोरल म्हणाली होती ते, "आधी खा, मग रड."

पहिला प्रयोग फसला. निलगिरीच्या पाल्याने कापड सुरेख नारिंगी झालं, त्यावर तपकिरी अक्षरं छापली, आणि कोरलने मान इकडून तिकडून वळवून विचारलं, "यावर गंज पडलाय का गं?"

"गंजच हवा मग!" ग्लेनिसने ठरवलं. जुने लोखंडी खिळेमोळे व्हिनेगरमध्ये मुरवले, त्या पाण्यात पीठ कालवून खळ केली आणि तीच लाकडी खिळ्यांना लावून छापलं. पाला शिजवलेल्या पाण्यात असं कापड उकळलं की जिथे गंज तिथे कुळकुळीत काळं उठतं. नारिंगीवर काळं, म्हणजे आंधळ्यालाही दिसेल, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि मग जीभ चावली.

ते कापड स्टीलच्या पातेल्यात शेगडीवर चढवलं आणि आणखी पाला आणायला ती नदीकडे गेली. जाताना म्हणाली, "कोरल, जरा हलवत राहा हं."

कोरलला किती दिवसांनी कुणी काम सांगितलं होतं. ती मन लावून हलवू लागली. कापड पातेल्यात दाटीवाटीने बसलंय, हे तिच्या हाताला लगेच कळलं. कापड मोकळं पोहायला हवं, हे कुणी तिला शिकवायला नको होतं. तिने कोपऱ्यातली मोठी हंडी ओढली, सगळं तिच्यात ओतलं आणि समाधानाने ढवळत बसली. हंडी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची होती. ख्रिसमसला त्यांचं मटण शिजतं ती.

ग्लेनिस परत आली तेव्हा हंडीत डांबर शिजत असावं तसं दिसत होतं. लोखंडाने सगळंच्या सगळं कापड काळं केलं होतं. अक्षर नाही, नारिंगी नाही, काही नाही.

"अगं बाई! कोरल! बिडाच्या हंडीत?"

"मोठी होती म्हणून..." कोरलने चमचा हळूच खाली ठेवला. "काळं झालं?"

"ठार काळं."

इथे ग्लेनिसने गप्प बसायचं. पण तोंड आहे ना! "डोळ्यांदेखत काळं होत होतं गं, एवढंही..." एवढं बोलून गेली आणि मग थांबली. थांबून काय उपयोग?

कोरल भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, भिंत चाचपत आत गेली आणि तिने फोन लावला. संध्याकाळी चहाच्या वेळी शांतपणे म्हणाली, "शनिवारी एक माणूस येतोय. खिळे नेईल. बेंडिगोला कॉफीचं दुकान आहे त्याचं, भिंतीवर लावणार म्हणे."

"भिंतीवर? तुझे खिळे? शोभेला?"

"मग मी काय त्यांचं लोणचं घालू? मला दिसत नाही, ग्लेनिस. एकदा नीट ऐकून घे आणि सोड माझा नाद."

पुढचे दोन दिवस दोघी एकमेकींना फक्त मीठ आणि लोणी मागत होत्या.

शुक्रवारी दुपारी ग्लेनिस माशासाठी लिंबू पिळत होती. मागच्या दारी झाड लिंबांनी वाकलं होतं, गावात कुणी फुकट घेईना. राग काढायचा तर कुणावर? तिने लिंबावर काढला. रसाची चिळकांडी उडाली ती थेट टेबलावर पडलेल्या त्या काळ्या कापडावर. हात पुसायलाच ठेवलं होतं तिने ते. मासा उलटून वळते तो काय, काळ्यावर पांढुरके ठिपके! बोटाने घासले, तर आणखी उजळले.

आई चादरींवरचे गंजाचे डाग लिंबानेच काढायची की! "मूर्ख आहेस तू ग्लेनिस, शुद्ध मूर्ख," ती मोठ्याने म्हणाली, आणि मासा करपू देऊन झाडाकडे पळाली.

बादलीभर लिंबं पिळली. रसात मक्याचं पीठ घालून शिजवलं, खळ केली. कोरल दुपारची झोपली होती, तेवढ्यात शेडमधून हाताला लागतील ते खिळे आणले. खिळे जुळवणं हे काही तिचं काम नव्हे. डावीकडून लावायचं की उजवीकडून, यातच अर्धा जीव गेला. एकच वाक्य छापलं. वाळवलं, धुतलं आणि अंगणातल्या खांबाभोवती गोल फिरणाऱ्या दोरीवर वाळत टाकलं. काळ्याभोर कापडावर साईच्या रंगाची, तळहाताएवढी अक्षरं. तिला हाक मारायचा धीर होईना. पुन्हा "गंज पडलाय का" म्हणाली तर? त्यापेक्षा उद्याचा दिवस उजाडूच नये, असं तिला वाटलं.

पण शनिवार उजाडला आणि तो कॉफीवाला गाडी घेऊन दारात हजर. टोबी त्याचं नाव, दाढीवाला, गोड बोलणारा. "वा, काय जुना माल आहे हो!" म्हणत त्याने दोन पेट्या उचलून अंगणात आणल्यासुद्धा. कोरल मागच्या पायरीवर उभी होती. हात पुढे बांधून, ताठ. पेट्या जाताना बघायच्या नाहीत, म्हणून तिने तोंड दोरीकडे फिरवलं होतं.

वारा आला. दोरी कुरकुरत फिरली आणि ते काळं कापड तिच्या समोर आलं.

कोरलने मान तिरकी केली. मग दुसरीकडे तिरकी केली. एक पायरी उतरली.

"ग्लेनिस!"

"काय?" ग्लेनिस चहाचा कप घेऊनच मागच्या दारात आली.

"हे कुणी जुळवलं?"

"मी. का गं?"

"का गं म्हणे! तिसरं अक्षर डोक्यावर उभं केलंयस, गाढवे! माझ्यासोबत कामाला असतीस तर पहिल्याच दिवशी हाकललं असतं तुला. आणि दोन शब्दांत एवढी फट? त्यातून मेंढ्यांचा कळप जाईल! 'आधी खा,' आणि मग ही एवढी..." ती थांबली. मग अगदी हळू, एकेक शब्द उचलावा तसं तिने वाचलं, "मग रड."

ग्लेनिस रडायलाच लागली. कोरलही. टोबी बिचारा पेटी घेऊन मधोमध उभा, कुणाकडे बघावं त्याला कळेना.

कोरलने बाहीला नाक पुसलं आणि तिरक्या मानेने त्याच्याकडे वळली. "ए बाळा, ती पेटी होती तिथे नेऊन ठेव. खिळे विकायचे नाहीत."

"पण मावशी, फोनवर तर तुम्ही..."

"फोनवर बोलले तेव्हा मला वाचता येत नव्हतं. आत ये, मासा आहे कालचा. करपलाय, पण खा." मग बहिणीला म्हणाली, "आणि तू डोळे पूस आणि ती बिडाची हंडी चढव. पुढचं कापड मी जुळवणार. तू आपली लिंबं पिळ."