खिडकीतून सराव

दुर्बिणीच्या डाव्या भिंगावर एक ओरखडा.

इस्त्रीखाली उशीचा अभ्रा, कडेला पिवळट.

दोन माणसांच्या बोटीत एकटं बसलेलं माणूस म्हणजे अर्धं माणूस. हे वाक्य मास्तरांचं. त्यांच्याकडे शिडाची बोट शिकायला आलेल्या प्रत्येकाने ते निदान एकदा तरी ऐकून घेतलेलं.

मास्तरांच्या मोडलेल्या मांडीत सळई. जन्म पाण्यात काढला आणि पडले जिन्यावरून.

भाताला अजून शिटी व्हायची होती.

खाली खाडीत मास्तरांच्या बायकोची बोट आडवी झाली.

"दादा!" इस्त्री उभी करत बहीण खिडकीशी आली. "वहिनी पडली!"

"पडली नाही. पाडली." मास्तरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. "सराव चाललाय तिचा."

बोट दोघांची, म्हणजे दोन लांबट होडकी, मध्ये ताणलेलं कापड आणि त्यावर डोलकाठी. आता एक होडकं पाण्यात बुडालेलं, दुसरं हवेत, कापड भिंतीसारखं उभं आणि शीड पाण्यावर पसरलेलं. बाजूला बायकोचं डोकं, नारळाएवढं.

गेल्या रविवारी याच खिडकीतून मास्तरांनी तिला हाच सराव करताना पाहिलं होतं. तिला बोट काही उचलता आली नव्हती, शेवटी मोटरबोटवाल्याने ओढून आणलं. घरी आल्यावर मास्तर म्हणाले होते, "तुझं वजन फक्त या घरातच पडतं." ती हसली नव्हती. आठवडाभर भाजीत मीठ कमी होतं.

"माझे दात घशात घालायला गेलीय," मास्तर म्हणाले. "घालू दे."

"मोटरवाल्याला फोन लावते."

"खबरदार. चारचौघांत तिची लाज काढशील. तू तुझी इस्त्री बघ."

बायकोने मोठ्या शिडाचा दोर सोडला. शाब्बास. पोहत पुढे गेली, बोटीचं नाक धरून तिला फिरवलं, डोलकाठी वाऱ्याकडे आणली. म्हणजे वारा शिडाखाली शिरतो आणि उचलायला हात देतो. शाब्बास. वरच्या होडक्यावरून दोर टाकला, खालच्यावर चढली, दोर धरून पाठीवर पडल्यासारखी मागे लटकली.

"छोट्या शिडाचा दोर राहिला," मास्तर पुटपुटले. "पुढच्या छोट्या शिडाचा दोर कोण सोडणार, तुझा बाप?"

वरचं होडकं वीतभर कललं. थांबलं. परत जागेवर गेलं.

पुन्हा.

पुन्हा.

"दादा, दमली रे ती."

"दमायलाच हवं. त्याशिवाय डोक्यात शिरत नाही."

"तू माणूस आहेस का कोण आहेस?"

बायको होडक्यावर बसून काहीतरी काढत होती. पाणी आत न येणारी जाड विजार. ती तिच्या पायांना गाठी मारणार, पाणी भरणार, पखालीसारखी खांद्यावर घेणार. उणं पडणारं वजन भरून काढायची ही युक्ती मास्तरांनीच शिकवलेली. त्यांना एकदम भरून आलं. "बघ, बघ! पखाल करतेय! कोणाची बायको आहे!"

विजारीचे पट्टे खांद्यावरून होते. त्यांवर तरंगणारं जाकीट. बायकोने आधी जाकीट काढलं.



बाकी सगळे नियम मोडा, मी शिव्या देईन. जाकीट काढलंत तर तोंड दाखवू नका. हे वाक्य बायकोचं, तिने मास्तरांच्या देखत शेकडो पोरांना ऐकवलेलं. सरावात ती जाकीट काढणार नाही. मेली तरी काढणार नाही.

"फोन लाव."

"कधीची सांगतेय!"

"लाव!"

बहिणीने फोन लावला. पलीकडून मोटरवाल्याचा आवाज मास्तरांनाही ऐकू आला. "मला दिसतंय की, ताई. मास्तर बसलेत ना खिडकीत? मग काळजी कसली? मागच्या वेळी मी लवकर गेलो तर मलाच झापलं त्यांनी."

मास्तरांनी फोन हिसकावला. "मी बोलतोय. नीघ. आत्ताच्या आत्ता नीघ."

"सराव नाहीये?"

"नीघ रे बाबा!"

खाडीत बायको फुगलेली विजार पाठीशी घेऊन मागे लटकली. वरचं होडकं कललं. थांबलं नाही. डोलकाठी पाण्यातून ठिबकत वर आली आणि सगळी बोट धाडकन सरळ झाली. नेमकी त्याच क्षणी दोन होडक्यांना जोडणारी आडवी दांडी पकडायची असते, नाहीतर बोट माणसाला टाकून निघून जाते. बायकोने पकडली.

छोटं शीड वाऱ्याने भरलं. त्याचा दोर आवळलेलाच होता. बोट चालायला लागली, मागे दांडीला धरून बायको फरफटत. पाणी तिच्या तोंडावरून जात होतं. जाकीट केव्हाच वाहून मागे पडलं होतं.

"सोडू नको," मास्तर भिंगाला सांगत होते. "बाई, सोडू नको."

बोट हलकी झाल्यासारखी उडाली. थेट धक्क्याच्या रोखाने, ताठ, सुरेख.

"आली! आली वहिनी!" बहीण रडत टाळ्या वाजवायला लागली. खाली मोटरबोट नुकती सुरू होत होती, धुराचा एक पुंजका सोडून.

मास्तरांनी दुर्बीण खाली घेतली नाही. कापडावर कोणी नव्हतं. दांडीला कोणी नव्हतं. त्यांनी बोटीमागचं पाणी बघितलं, मग त्याच्या मागचं, मग पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी दारात चपला घालताना बायको म्हणाली होती की खांदा दुखतोय, आज सराव करणार नाही.