तिला सगळं चालायचं

खडू झिजून नखाएवढा झालेला, चिमटीत धरला तरी बोटंच कापडावर घासतात, आणि करड्या कापडावर रेघ उमटते ती अर्धी खडूची, अर्धी घामाची... आत्या सकाळी फोनवर म्हणाली ते ‘काय हवं ते सांग’ अजून कानात तसंच होतं, आणि पट्टी सरकवत, रेघ ओढत, कात्री चालवत ती त्याच वाक्याभोवती फिरत होती. कापड पडद्यांचं, इस्पितळातल्या खाटांभोवती लावतात त्या पडद्यांचं. टेबल लांबच लांब, डोक्यावर पांढरा दिवा, पलीकडे मशीनची घरघर, आणि त्यात एक बरं, की कापणाऱ्या बाईशी बोलायला कुणी येत नाही. तिचा हात हलला तर सगळ्यांच्याच डोक्याला ताप.

आत्या बोलत होती आजीच्या घरातून. आजी गेल्यापासून घर बंदच होतं, आता ते रिकामं करायचं ठरलं होतं. “उद्या सामानाची गाडी येणार, मागाहून कुरकुर नको. शिलाई मशीन काका नेणार, मोठं पातेलं शेजारीण मागतेय, टपालवाला म्हणतो मला तिची काठी द्या. तू तर तिच्या हाताखाली वाढलीस बाई, तुझा मान पहिला. काय हवं ते संध्याकाळपर्यंत सांग.” पहिला म्हणे! तिला हसूच आलं असतं, पण तोंडात टाचण्या होत्या.

कारण त्या घरात तिचा नंबर कायम शेवटचा. आईवडील कामासाठी लांब राहिले, आणि ही शाळेच्या वयाची होईपर्यंत, आणि त्यानंतरही कितीतरी, आजीपाशी. गाव आजीला भिंगरी म्हणायचं, तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. पहाटे शेळ्या, मग शेत, मग कुणाच्या बाळंतिणीला अंघोळ, कुणाच्या म्हाताऱ्याचं अंग रगडणं, आणि दिवेलागणीला मशीनवर बसायची ती गावच्या पोरांचे कपडे शिवायला. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याचा कपडा आधी. धनगराच्या मुलीचा झगा, गवंड्याच्या जुळ्यांच्या विजारी, आणि ही आपली मशीनपाशी उभी, माझा कधी, माझा कधी... “थांब जरा. तू काय, घरचीच आहेस.” घरचीच! त्या एका शब्दावर तिचं सगळं लहानपण रांगेच्या शेवटी उभं राहिलं.

आजी गेली तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हतं. ज्याला त्याला काहीतरी सांगायचं होतं. टपालवाल्याला तिने ऐन थंडीत पायातले जोडे काढून दिले होते, शेजारणीच्या तापात तिने दोन्ही घरची गुरं सांभाळली होती, आणि एक अनोळखी बाई तर भिंतीला टेकून हमसाहमशी रडत होती, ती कोण हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. ही कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती, डोळे कोरडे, आणि मनात भलतंच चाललेलं — ह्या सगळ्यांकडे तिचं काही ना काही आहे. माझ्याकडे काय आहे? माझ्या एकटीचं काय आहे?

“अहो कापणारीणबाई, हे बघा जरा.”

मशीनवरची ठेंगणी बाई दोन्ही हातांत पडदा धरून उभी होती. सगळे कामगार तिला बुटकी म्हणायचे आणि ती सगळ्यांना पुरून उरायची. तिने तो आधी शिवून झालेल्या एका पडद्याशेजारी धरला. हा खाली लोळत होता, चांगला चार बोटं.

“एकच का?”

“एक कुठला! सकाळपासूनचा गठ्ठा तसाच आहे. मी म्हटलं मापच बदललं की काय.”

तिने पट्टी लावून पाहिली. रेघ बरोबर मापावर होती, आणि कात्री मात्र रेघेच्या खाली, चार बोटं सोडून गेलेली, प्रत्येक तुकड्याला, एका सरळ ओळीत. हे आपण केलं? आजी करायची हे. माप घ्यायची, रेघ ओढायची, मग डाव्या हाताची चार बोटं रेघेखाली आडवी ठेवायची आणि त्यांच्याखालून कापायची. वाढतं अंग आहे, दुमडलेला दाब असू दे आत, उसवून सोडता येईल. तिने शिवलेलं सुरुवातीला कुणालाच बसायचं नाही. शाळामास्तरांचा मुलगा तर सदऱ्यात राहायला गेलाय असं वाटायचं. पण तोच सदरा चार वर्षं चालायचा... आणि आज सकाळपासून आपला डावा हात, आपल्याला न विचारता, आडवा पडत होता.

कारखान्याचे मास्तर आले. रागावून ओरडणारे नव्हते, तेच जास्त वाईट. पडदा उचलून त्यांनी नीट पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

“काय बाई, पडदे आहेत हे. ते काही वाढणार नाहीत.”

बुटकी फसकन हसली. हिलाही हसू फुटलं, आणि हसता हसताच तिने पाठ फिरवली आणि गठ्ठा मोजायचं निमित्त केलं. “खाली दुमडून घेईन मी,” ती म्हणाली. “जेवायच्या सुट्टीत बसून करते.”

“जेवून घ्या आधी,” मास्तर म्हणाले.

सगळे जेवायला निघून गेल्यावर मशीनं थांबली आणि खोली एकदम मोठी झाली. ती खिडकीखालच्या बाकावर डबा उघडून बसली. समोर मागच्या गल्लीची भिंत, तारेवर कुणाचा तरी पायमोजा. एकटीने जेवायची तिला सवय होती. घरीही तेच, सुट्टीच्या दिवशीही तेच. बोलावणारे बोलवायचे, नाही असं नाही, पण ही म्हणायची, तुम्ही व्हा पुढे... तुम्ही व्हा पुढे. हे तरी आपलं आहे का? तिचा घास हातातच राहिला. आजी सगळ्यांना वाढून झाल्यावर चुलीपाशी उभ्यानेच खायची, पातेल्याच्या तळाशी उरलेलं, कधी करपलेलं, कधी नुसता रस. “मला सगळं चालतं,” म्हणायची, आणि पातेलं घासायला घ्यायची.

आणि मग लहानपणीची एक दुपार आली, कुणी न बोलावता. लख्ख ऊन, अंगणात शेळी बांधलेली, शाळा लवकर सुटलेली. ती मागच्या दाराने आत आली आणि थबकली. आजी बसली होती. नुसती. ना निवडणं, ना शिवणं. हात मांडीवर उताणे, बोटं थोडी वळलेली, आणि नजर अंगणात, पण शेळीवर नाही, कशावरच नाही. किती वेळ बसली होती कोण जाणे. चेहरा असा, की ही बाई आपल्या ओळखीची नाही असं वाटलं. मी पाहिलं ते. मी होते तिथे, दाराला हात लावून, आणि दार करकरलं. आजी चोरी पकडल्यासारखी उठली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, “काय हवं तुला?”

भूक लागली म्हणाले मी. तिने लगेच चूल पेटवली.

गावात कुणाकडेच नसेल ही दुपार. दिवसभर जे शोधत होते ते सापडलं, आणि हाती घेऊन काय करायचं ते कळेना... ती काय बघत होती? तिला काही हवं होतं का? आणि दार करकरलं नसतं तर, ती अजून थोडा वेळ बसली असती तर?

संध्याकाळी कारखाना सुटल्यावर तिने रस्त्याच्या कडेलाच उभं राहून फोन लावला. माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. पलीकडे आत्याचा आवाज रिकाम्या होत आलेल्या खोलीत घुमत होता, भांडी आदळत होती, काकाचं खोकणं ऐकू येत होतं.

“बोल बाई, किती उशीर! काय ठेवू तुझ्यासाठी?”

“आत्या, आजीला काय आवडायचं गं?”

“म्हणजे?”

“खायला. किंवा कशाचंही. तिला स्वतःला काय आवडायचं?”

“आईला? आईचं काय, तिला सगळं चालायचं.”

“चालायचं नाही गं. आवडायचं.”

आत्याने फोन न ठेवताच हाक मारली, “अरे, आईला काय आवडायचं रे?” काका काहीतरी म्हणाला. “छे, ते बाबांना आवडायचं, म्हणून करायची ती.” मग शेजारणीचा आवाज, मग आणखी कुणाचा तरी. एकमेकांना विचारत ती सगळी त्या घरात ह्या खोलीतून त्या खोलीत जात होती, भांड्यांचा आवाज थांबला होता. “थांब हं,” आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता, “थांब, कुणाला तरी माहीत असेल.”

ती थांबली. कुणाला तरी माहीत असावं असं तिला फार वाटत होतं, अगदी परक्याला, त्या भिंतीला टेकून रडणाऱ्या बाईला का होईना. बाजूने जाणारी माणसं तिला चुकवून पुढे जात होती, आणि आज पहिल्यांदाच ती कुणाला वाट द्यायला सरकली नाही.