तांडेलाचा हात

माझा भाऊ काशीराम दर्यावरचा राजा होता आणि रस्त्यावरचा गाढव. हे बोललो की भाऊबंद अजून माझ्यावर तुटून पडतात. पडोत बापडे.

दादा देवबागचा तांडेल. होडीचं सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशांचे जीवही. अठ्ठावन्न साली भिकाजीशेठने मासळी कुडाळच्या बाजाराला न्यायला जुनी लॉरी घेतली. तिचा लायसनवाला ड्रायव्हर शेठशी भांडून निघून गेला आणि शेठची नजर दादावर पडली.

"वादळात होडी काठाक लावणारो तू. तुका लॉरी म्हणजे पोरखेळ," शेठ म्हणाला.

"आणि लायसन?" मी विचारलं.

"दर्यार कोण लायसन इचारता रे?"

सगळे हसले. दादा हरभऱ्याच्या झाडावर चढला तो चढलाच.

हसली नाही ती एकटी चंद्रावती वहिनी, दादाची बायको. मासे विकायला ती त्याच लॉरीतून जायची, मागे टोपल्यांमध्ये बसून. रस्ता मोकळा असला की दादा झकास चालवायचा. पण काही अचानक आडवं आलं की त्याचा हात उलटा फिरायचा. सुकाणूचा दांडा उजवीकडे रेटला की होडी डावीकडे वळते, आणि जन्मभर हाताला तेच वळण. लॉरीचं चाक मात्र फिरवाल तिकडेच नेतं. एकदा म्हशीला चुकवायला गेला तो थेट तिच्याच अंगावर. म्हैस शहाणी, पळाली.

"भियाले की ह्यांचो हात होडयेर जाता," वहिनी मला म्हणाली. "एक दिवस कोणाचो तरी जीव जातलो, भावजी. तुम्ही तरी सांगा."

मी सांगून पाहिलं. दादा म्हणाला, "बायलांच्या नादाक लागा नको." ऐकेल तो दादा कसला.

शिमग्याच्या आधी, कुडाळच्या अलीकडच्या वळणावर समोरून धोंडू नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी आली. डावीकडे रस्ता मोकळा होता. दादा घाबरला आणि चाक उजवीकडे फिरलं. धोंडू जागच्या जागी गेला. मी पोहोचलो तेव्हा दादा रस्त्याकडेला बसून एकच म्हणत होता, "माका डावीकडेच वळूचा होता." मला त्याची कीव आली आणि त्याच्या थोबाडीत मारावंसंही वाटलं.

शेठ मात्र भानावर होता. त्याने लॉरी दुसऱ्या एका लॉरीला बांधून गुपचूप ओढत आणली आणि आपल्या अंगणात उभी केली.

"कोल्हापूरसून लायसनवालो माणूस येतलो. 'मीच चालवत होतंय' म्हणान सांगतलो," तो दादाला म्हणाला. "तू गप रव. शिमगो झालो की लॉरी परत तुझीच."

हे वहिनीने दाराआडून ऐकलं.

फौजदार आला, तेव्हा अर्धं देवबाग त्या अंगणात जमलं होतं. पढवलेला माणूस पुढे झाला. आम्ही सगळे मूग गिळून उभे. मीसुद्धा, कारण शेवटी भाऊ होता माझा.

"खोटं आहे, साहेब," वहिनी कचेरीतल्या मराठीत म्हणाली. "गाडी माझे यजमान चालवत होते. त्यांच्याकडे लायसन नाही."

माझं डोकं फिरलं. "वयनी, घरच्या माणसाक तुरुंगात घालतास?"

"तुरुंगात जिते तरी रवतले. आणि वाटेवरची माणसा पण."

तेवढ्यात पढवलेला माणूस गर्दीतून सटकला. फौजदार दादाकडे वळला. दादाने मान खाली घालूनच हो म्हटलं.

"मग चल ठाण्यावर. आणि ही लॉरीही न्यायचीय. आमच्याकडे ड्रायव्हर नाही. तूच घे चालवायला."

लायसन नाही म्हणून धरलेल्या माणसालाच लॉरी हाकायला सांगत होता तो. शेठला तर उकळ्या फुटल्या; फौजदारच चालवायला सांगतोय म्हटल्यावर लायसनचा गुन्हा उरतोच कुठे? त्याने लगेच चावी पुढे केली.

"चल रे तांडेला. सायबाक दाखव तुझो हात."

दादाने चावी घेतली. वहिनीचं बोलायचं ते बोलून झालं होतं. दादा लॉरीच्या दारापर्यंत गेला आणि परत फिरला. मग त्याने चावी फौजदाराच्या हातावर ठेवली.

"माका लॉरी चलवूक येना नाय, सायब," आख्ख्या देवबागासमोर तो म्हणाला, आणि ठाण्याच्या वाटेला पायी लागला.