गरुडाच्या पायाशी ठिपका

मी टांकसाळीत घण मारतो. ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरातली चांदी, तिची मोठी नाणी, थालेर, आमच्या ऐरणीवर पडतात. एका बाजूला राजाचं थोबाड, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. गरुडाचा ठसा माझ्या हातात असतो. दर घावानंतर त्याचं तोंड मी चिंधीने पुसतो, म्हणून त्याची रेघ न् रेघ मला पाठ. नाणी मात्र थेट पोत्यात जातात. ती कोण बघत बसतो?

ठसे घडवायचा माझा धाकटा भाऊ बालिंट. गरुडाचे आणि अक्षरांचे तयार पोलादी शिक्के टांकसाळीचा मुख्य केलेमेन स्वतःच्या पेटीत कुलपात ठेवी. ते कोऱ्या पोलादावर ठोकून ठसा उठवायचा, आणि शेवटी बालिंट आपल्या छिन्नीने गरुडाच्या पायाशी मोहरीएवढा ठिपका कोरायचा. ती त्याची खूण. दर कारागिराची वेगळी. खोट्या नाण्यावर ज्याची खूण सापडेल, त्याचा उजवा हात तोडायचा, हा आमच्याकडचा जुना कायदा.

त्या सकाळी कप्तान गेर्गेई आठ शिपाई घेऊन आला. माझ्या हातात एक थालेर ठेवला आणि गोड हसला.

"देमेतर, ही खूण कुणाची रे?"

मी एक नजर टाकली. गरुडाच्या पायाशी, उजवीकडे ठिपका. रोज पुसतो तस्सा.

"कुणाची म्हणजे? आमच्या बालिंटची! असा हात अख्ख्या राज्यात नाही, कप्तान!"

शेण खाल्लं मी. कप्तानाने नाणं घेऊन दगडावर घासलं. खालून लालभडक तांबं निघालं.

"हाच पगार घेऊन माझी शिपाई पोरं बाजारात गेली. तिघांना लोकांनी ठेचून मारलं," तो म्हणाला. "धरा त्या बालिंटला."

मी घण फिरवला. एकाचा जबडा फुटला, दुसरा गुडघा धरून कोसळला. मग चौघे माझ्यावर तुटून पडले. भाल्याच्या दांड्यांनी त्यांनी मला असं बडवलं की दोन दात मी तिथेच थुंकले.

"कप्तान, नाणं दाखवा मला! एकदा दाखवा!" उरलेल्या दोघांनी धरलेला बालिंट ओरडत होता.

"तुझ्या सख्ख्या भावाने बघितलंय ना? मग गप!"

त्यांनी त्याचा हात माझ्याच ऐरणीवर दाबला. केलेमेन कोपऱ्यात उभा राहून छातीवर क्रूस काढत होता. कुऱ्हाड पहिल्या घावात अर्धीच गेली. दुसऱ्याला हात खाली पडला. बालिंटची किंकाळी अजून माझ्या कानातून जात नाही. शिपायांनी भट्टीतली सळई जखमेवर धरली, तेव्हा त्याची शुद्ध गेली.

कप्तानाने ते नाणं माझ्या तोंडावर फेकलं. "घे. भावाच्या औषधाला."

बालिंटने डोळे उघडले. "दादा, ठिपका कुठे आहे?"

"उजवीकडे."

"नाण्यावर उजवीकडे?"

मी नाणं उचलून डोळ्यांशी धरलं. ठशावर उजवीकडे असतो, तो नाण्यावर डावीकडे उमटतो. मी जन्मभर ठसा पाहिला होता. हा ठिपका कोरणाऱ्याने बालिंटचं नाणं समोर ठेवून ठशावरही डावीकडेच खोदला होता, म्हणून तो नाण्यावर उजवीकडे आला. छिन्नी कधी हातात न धरलेला माणूसच असली चूक करणार. गरुड आणि अक्षरं मात्र खऱ्या शिक्क्यांचीच होती, आणि त्या शिक्क्यांच्या पेटीची किल्ली एकाकडेच होती.

केलेमेन दाराकडे सटकला. मी त्याला केसांना धरून फरपटत आणला. कंबरेची किल्ली उपटून पेटी उघडली. तळाशी फडक्यात खोटा ठसा होता, तांब्याच्या चकत्या होत्या.

"देमेतर, बाबा, अर्धं तुला देतो रे!"

मी त्याचा हात त्याच रक्ताळलेल्या ऐरणीवर ठेवला. कुऱ्हाड मागितली नाही. घणाचे तीन घाव घातले. पहिल्यालाच बोटांचा चेंदा झाला. उरलेले दोन माझ्यासाठी होते.

कप्तान हसला. "चला, आता हिशेब फिटला."

"फिटला? अरे कुत्र्या, त्याचा हात दे परत!" मी ओरडलो. त्याने पाठ फिरवली आणि शिपाई घेऊन निघून गेला.

बालिंट आता माझ्याच घरी असतो. त्याचा पाव मी तोडून देतो, मांसाचे तुकडे करून देतो. तो डाव्या हाताने जेवतो. गेल्या ईस्टरला दारू चढल्यावर एकदाच म्हणाला, "कप्तानाने विचारलं तेव्हा नाणं नीट बघायला किती वेळ लागला असता, दादा?"

मी त्याच्यापुढचा पाव तोडत राहिलो.