मोटारीचा पोळा

धाकटी जाऊ मंजुळा मोटारीत बसली की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? दोघा भावांची जमीन एकाच वक्ताला कंपनीत गेली. आमच्या ह्यांनी बैल ठेवले, दौलतभावजींनी बैल इकून जुनी मोटार घेतली. तवापास्नं बाईसाहेबांचं पाऊल जमिनीला लागंना. चिखलीतनं चिंचवडच्या बाजारात मिरच्या आणायला बी मोटार! मी डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या कडंनं चाललेली, आन् ही बया भोंगा वाजवत जायची.

त्या मोटारीचं इंजिन माझ्या भावानं, ज्योतीरामनं उघडून नीट केलं. पिंपरीत त्याचं नवंनवं गॅरेज. भावजी विटा वाहायला दोन ट्रक घेणार व्हते. त्यांचं काम बी तुलाच, असा शब्द दिलेला.

पोळा झाला आन् आठवड्याच्या आत आळंदीच्या रस्त्याला मोटार बंद पडली. इंजिन जाम. ज्योतीराम गाडी बघून आला. देवळापुढं भावजी आन् गावची चार माणसं बसलेली, त्यांच्यादेखत मंजुळा मला म्हणाली, "बाई, तुमच्या भावानं वाट लावली गाडीची."

ज्योतीराम खाली मान घालून म्हणाला, "पाव्हणं, दुरुस्त करून देतो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या भावाची अब्रू काढती व्हय?

"आगं, दारात बैल न्हाईत म्हणून पोळ्याला मोटार इंद्रायणीत कुणी घातली? मी तिथंच आमचे बैल धूत व्हते. बॉनेटपतोर पाणी! वर हळदकुंकू लावून पुरणपोळी दावली. इंजिन काय बैल हाय, अंग झाडून भाईर यायला?"

सगळे खो खो हसले. मंजुळेचं तोंड एवढंसं झालं. आहाहा, काय गार वाटलं मला!

भावजी उठले. "ज्योतीराम, गाडी उद्या भोसरीच्या गॅरेजात नेतो. ट्रकांचं बी तिकडंच बघतो." आन् बायकोला घेऊन निघून गेले.

ज्योतीराम माझ्याकडं वळला. "आक्का, ऑइल ताकासारखं पांढरं झालेलं. नदीचं पाणी मला बघताक्षणी कळलं व्हतं."

"मग मुकाट का बसलास, मुडद्या?"

"गिऱ्हाईकाला चारचौघांत खोटं पाडत न्हाईत. एकट्याला गाठून सांगणार व्हतो. ट्रक हातचे गेले नसते."

"तुझ्यासाठीच बोलले रं मी!"

"माझ्यासाठी बोलली असतीस तर एकदा तरी माझ्याकडं बघितलं असतंस," तो म्हणाला. "तू सारा वेळ तिच्याच तोंडाकडं बघत व्हतीस."