साहेबांकरिता वन्स मोअर

या कार्यक्रमातून परिपत्रकांना काय मिळणार होतं, ते आधी मोजून घेऊ. एक खुर्ची, हात असलेली. एक खोली, दार असलेली. दारावर नावाची पाटी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एका शब्दापासून कायमची सुटका. अकरा वर्षं ते पैशाचे सोडून प्रत्येक कागदावर सही करत आले होते आणि प्रत्येक सहीखाली शिक्का मारत आले होते: 'साहेबांकरिता'. उद्यान अधीक्षकाची जागा आता रिकामी झाली होती. ती मिळाली की सही त्यांची, आणि त्यांच्याचकरिता.

परिपत्रक हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. शहराच्या उद्यान खात्यात ते मुख्य कारकून. बागेतला नळ गळायला लागला तरी प्लंबरला बोलावण्याआधी ते परिपत्रक काढत, त्यावरून हे नाव चिकटलं. घरी बायको 'अहो' म्हणे. चिडली की तीही परिपत्रकच म्हणे.

साहेब म्हणजे खात्याचे प्रमुख. त्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, कुठल्याशा प्रवासात एक नवल पाहिलं होतं. उघड्या मैदानात भला मोठा पडदा, पडद्यावर सिनेमा, आणि पडद्याखाली साठ वादकांचा वाद्यवृंद. पात्रांचं बोलणं सिनेमातूनच येतं, संगीत मात्र सगळं तिथल्या तिथे वाजवायचं. बाईंनी ते साहेबांना सांगितलं. साहेब परिपत्रकांना म्हणाले, बघा काही जमतं का. साहेबांनी नुसतं 'बघा' म्हटलं की खात्यात कुणाची तरी झोप उडे, आणि अकरा वर्षं ती एकाच माणसाची उडत होती.

परिपत्रकांनी जमवलं. सिनेमा निवडला एका जहाजाच्या कप्तानाचा आणि त्याच्यावर रुसलेल्या मुलीचा. लांबी दोन तास पस्तीस मिनिटं. मध्यंतर पंधरा, साहेबांचं भाषण दहा. बेरीज बरोबर तीन तास. वादकांशी करार केला, सात ते दहा. बायको म्हणाली, हातचं थोडं राखून ठेवा. त्यावर त्यांनी तिला बेरीज पुन्हा करून दाखवली. शिवाय करारात एक कलम घातलं, की ठीक दहा वाजता वादन थांबवावे, त्यापुढे खात्याच्या लेखी परवानगीवाचून कोणीही वाजवू नये. गेल्या वर्षी बँडवाल्यांनी हौसेने बारा मिनिटं जास्त वाजवलं, तेव्हा परिपत्रकांनी त्यांच्याकडून खुलासा मागवला होता. त्याच बँडमधले दोघे-तिघे या वाद्यवृंदात होते. ते कलम वाचून म्हणे खूप हसले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मैदान भरून गेलं. तीन हजार माणसं सहज असतील. सर्वात मानाची जागा अर्थातच पहिल्या रांगेत, सोफ्यावर. आता ज्याने असा कार्यक्रम एकदाही पाहिला आहे त्याला ठाऊक असतं, की पहिली रांग ही शिक्षा असते. पडदा बघायचा तर मान मोडते, आणि समोर दहा पावलांवर मोठे पितळी नगारे. सिनेमा नीट दिसतो तो मागच्या गवतावर, जिथे लोक चटया आणि उशा घेऊन, पासबिस न मिळवता येऊन बसतात. पण सोफा गवतावर नेला तर तो मान कसला.

सोफ्यावर साहेब, बाई आणि बाईंचा भाचा. हा भाचा दोन वर्षांपूर्वी खात्यात लागला होता आणि बियाण्यांच्या गोदामात पोत्यांवर दुपारच्या झोपा काढत होता. त्याचा गोपनीय अहवाल लिहिणं परिपत्रकांकडेच होतं. बाईंना बरं वाटावं म्हणून ते दर वर्षी 'अत्युत्तम' लिहीत. परिपत्रक स्वतः सोफ्याच्या मागे उभे राहिले. खुर्ची होती, पण साहेबांना काही लागलं तर उठण्यात वेळ जाईल.

भाषण दहा मिनिटांत संपलं, सिनेमा वेळेवर सुरू झाला. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून वादकांनी आपापल्या स्टँडला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. वादन संचालकापुढे एक छोटा पडदा, त्यावर तोच सिनेमा आणि पळणारं घड्याळ. सिनेमा कुणासाठी थांबत नाही, त्याच्या मागे साठ माणसांनी धावायचं, हीच यातली कसोटी. साहेबांना मात्र वेगळीच अडचण. नगारे सुरू झाले की बाईंशी बोलता येईना. मग दोघं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडू लागले, आणि थोड्या वेळाने त्यांना त्याची सवय होऊन गेली.

मध्यंतरानंतर वादळ आलं, म्हणजे पडद्यावर. अकरा मिनिटांचा प्रसंग. लाटा, शिडं, कर्णे, नगारे, आणि शेवटी एक लाट कप्तानाला घेऊन जाते. मागे गवतावर बायका डोळे पुसू लागल्या. साहेब सोफ्यावरून अर्धे उठले, हात वर केला आणि म्हणाले, "वन्स मोअर!"

लोक हसले, काहींनी टाळ्या दिल्या. साहेबांनी मान वळवून परिपत्रकांकडे पाहिलं. परिपत्रक पळाले. आधी गाडीत बसलेल्या सिनेमावाल्याकडे, त्याने पडद्यावर बुडबुडे थांबवले. मग मंचाकडे. संचालकाला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. वादकांचं बोलणं करायला होते ते बासवाले काका, माणसाएवढ्या मोठ्या व्हायोलिनला मिठी मारून उभे असलेले.

"वाजवू की," काका शांतपणे म्हणाले. "पण अकरा मिनिटं शेवटी कमी पडतील. दहाला आम्ही उठणार. तुमचंच कलम आहे, भाऊ. लेखी परवानगी द्या, मग पहाटेपर्यंत बसतो."

जादा वेळ म्हणजे जादा पैसे, आणि पैशाच्या कागदावर 'साहेबांकरिता' चालत नसे, साहेबांचीच सही लागे. परिपत्रकांच्या खिशात पेन होतं, कागदही होता. त्यांनी वळून पाहिलं. साहेब खुशीत होते, मांडीवर ताल धरून बसले होते. अशा वेळी त्यांच्यापुढे कागद धरायचा? ज्या हाताने उद्या खुर्ची द्यायची त्याला आज कागदाने डिवचायचं? परिपत्रकांनी पेन खिशातच ठेवलं. एकदा रंगात आले की कोण उठतंय, असं ते मनाशी म्हणाले. कलावंत आहेत, कारकून थोडेच आहेत.

चिमटे निघाले, पानं उलटी फिरली, बासरीवाल्याचं एक पान गवतावर उडालं ते लोकांनी हातोहात परत केलं. आणि कप्तान, जो मघाशीच बुडाला होता, कोरड्या कपड्यांनिशी पुन्हा जहाजाच्या शिडीवर दिसला. मागून एका आजींचा आवाज आला, "आता परत चढला तरी कशाला हा?" अकरा मिनिटांनी तो पुन्हा बुडाला. या खेपेला कुणी डोळे पुसले नाहीत.

साहेब मात्र खूष. त्यांनी मागे न बघता हात केला आणि परिपत्रकांच्या दंडावर थोपटलं. परिपत्रकांची बायको सहाव्या रांगेत होती. तिने ते पाहिलं आणि मनातल्या मनात नव्या खोलीला पडदे शिवून टाकले.

शेवटचा प्रसंग असा आहे, की मुलगी किनाऱ्यावर येते, बापाची टोपी वाळूत सापडते, आणि ती समुद्राकडे बघत राहते. एकही शब्द नाही. जे आहे ते सगळं संगीतात आहे. ते चढत चढत गेलं, नगारे घुमू लागले, आणि याच गोंगाटात बाईंनी सहज म्हणून साहेबांच्या कानाशी ओरडून विचारलं, की ती अधीक्षकाची जागा या बिचाऱ्याला द्यायची का, किती पळतोय.

दहा वाजले. काकांनी गज खाली ठेवला. साठच्या साठ वादक एका क्षणी थांबले, इतके नेमके, की अख्ख्या संध्याकाळी ते इतके एकत्र आले नव्हते. मैदानावर चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत, नगाऱ्यांवर मात करायला काढलेल्या आवाजात, साहेबांचं उत्तर तीन हजार लोकांना ऐकू गेलं.

"त्याला कशाला? तो न देताच इतकं करतो! दिली की बसेल. ती तुझ्या भाच्याला ठेवलीय, सोमवारी ऑर्डर काढतो!"

पडद्यावर मुलगी टोपी घेऊन समुद्राकडे बघत राहिली. आता तिचं काय चाललंय ते कुणालाच कळेना. कुठेतरी एकजण हसला, मग त्याच्या शेजारचा. वादक चिमटे डबीत भरत होते. आठ-दहा मिनिटं ती पोरगी तशीच उभी होती आणि परिपत्रकही सोफ्यामागे तसेच उभे होते. बायको सहाव्या रांगेतून उठून आली, त्यांच्या कोपराला धरलं आणि म्हणाली, "अहो, चला."

"साहेब अजून बसलेत," ते म्हणाले.

आता कुणाला वाटेल की एवढ्या लोकांनी ऐकल्यावर साहेबांना लाज वाटली असेल. साहेबांनी ते दुसऱ्या अंगाने घेतलं. तीन हजार लोकांसमोर जाहीर झालं आणि कुणी हरकत घेतली नाही, मग वेगळ्या हरकती मागवायची गरज काय? भाच्याची ऑर्डर सोमवारी निघाली. टाइप केली परिपत्रकांनी. मसुद्यात दोन चुका होत्या, त्या त्यांनी सुधारल्या.

चौकशी झाली ती वेगळ्याच गोष्टीची, ऐन शेवटी संगीत थांबलंच कसं. करार कुणी केला, कलम कुणी घातलं, परवानगीचा कागद वेळेत पुढे का ठेवला नाही. तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच निघत होतं. साहेबांनी कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितली, आणि खात्यात नोटिसा काढणारा माणूस एकच होता.

ती त्यांनी घरी आणून लिहिली. बायकोने खांद्यावरून वाचलं. "निदान भाषा तरी जरा मऊ ठेवा. स्वतःलाच लिहिताय."

"मऊ लिहिली तर साहेब परत पाठवतील," परिपत्रक म्हणाले, आणि 'हलगर्जीपणा'च्या आधी त्यांनी 'अक्षम्य' घातलं.

तेव्हा हिशेब असा. साहेबांनी एक भाषण दिलं, तेही परिपत्रकांनी लिहिलेलं. भाच्याला खुर्ची मिळाली; तिला हात आहेत, त्यामुळे पोत्यांपेक्षा झोप बरी लागते. वादकांनी एक मिनिट जास्त दिलं नाही. कप्तान एका रात्रीत दोनदा बुडाला, पण त्याचा तो धंदाच आहे. बाकी जे काही भरायचं होतं ते परिपत्रकांनी भरलं. नोटीस मिळाल्याची खालची सही त्यांची आहे. पाठवल्याची वरची सहीही त्यांचीच, साहेबांकरिता.